नावाची नोंद आणि नावाचा धनी

वाराणसीच्या पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या चढून वर गेले म्हणजे अरुंद गल्ल्यांची जी वस्ती लागते, ती तेथील देवीच्या नावावरून मंगला गौरी ह्या नावाने ओळखली जाते. काशीच्या यात्रेत ज्या नऊ गौरींचे दर्शन सांगितले आहे, त्यांपैकी ही एक. गभस्तीश्वराचे लिंगही ह्याच देवळात आहे. महाराष्ट्रात नवविवाहित मुली श्रावणातील मंगळवारी जिचे व्रत करतात ती मंगळागौर आणि काशीची ही मंगला गौरी ह्यांचे नाव एकच. जवळच्या दुर्गा घाट व ब्रह्मा घाट ह्या भागांत मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. आणि महाराष्ट्रातून गंगास्नानासाठी येणाऱ्या यात्रेकरूंची पावलेही ह्या परिसरात शतकानुशतके उमटत आली आहेत.

काशी, प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी यात्रेकरूंच्या नावांची नोंद ठेवण्याची प्रथा जुनी आहे. यात्रेकरू आपले गाव, कुळ व आडनाव सांगतो. क्षेत्रोपाध्याय बासनातून वही काढतो आणि कोणा पूर्वजाने स्वहस्ते लिहिलेल्या चार ओळी त्याच्यापुढे ठेवतो. ह्या वह्यांस नाशिक-त्र्यंबकाकडे नामावळी असे म्हणतात. ही नामावळी वारसाने चालत येते, भाऊबंदांच्या वाटणीत विभागली जाते आणि कोणते गाव कोणाकडे, ह्यावरून उपाध्यायांत तंटेही होतात. परंतु ह्या सर्व व्यवहारात एक मर्यादा कोणी ओलांडीत नाही. वही उपाध्यायाची असते. तिच्यातील नाव मात्र यजमानाचेच राहते. नाव आपल्या वहीत आहे म्हणून कोणी उपाध्याय त्या यजमानाच्या नावाने पेढी उघडीत नाही, किंवा त्याच्या नातवास त्याचे घराणे विकत घेण्यास सांगत नाही.

ह्या जुन्या नामावळीचे स्मरण होण्याचे कारण असे की, गेल्या चार दशकांत जगाने एक नवी नामावळी उघडली आहे आणि तीत ही मर्यादा अद्याप पुरतेपणी रुजलेली नाही. इंटरनेटवर असलेल्या प्रत्येक संगणकास एक अंकांकित पत्ता असतो. असे लांबलचक अंक माणसाच्या ध्यानात राहत नाहीत. म्हणून त्यांच्याऐवजी उच्चारता येण्याजोगी नावे वापरण्याची योजना १९८३ साली आखण्यात आली. ह्या नावांस डोमेन असे म्हणतात. दूरध्वनीच्या पुस्तकात नाव शोधून क्रमांक मिळवावा, तद्वत ह्या यंत्रणेत नाव दिले की यंत्र त्याचा क्रमांक शोधून काढते आणि वाचकास इष्ट स्थळी नेऊन पोचविते. 'डॉट कॉम' ह्या वर्गातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या 'आयकॅन' ह्या संस्थेकडे ह्या साऱ्या नावांच्या व्यवस्थेचे सूत्रचालन आले.

ह्या नव्या नामावळीचे नियम तीन. पहिला असा की, एका वर्गात एक नाव एकदाच नोंदले जाते. गावात दहा शंकर पाटील सुखाने नांदू शकतात. महाजालावर मात्र त्या नावाचा एका वर्गातील पत्ता एकालाच मिळतो. दुसरा नियम असा की, जो प्रथम येईल त्याला नाव मिळते. येणारा कोण, त्याचा त्या नावाशी संबंध काय, ह्याची चौकशी सर्वसाधारण वर्गात नोंदणी करणारी संस्था करीत नाही. तिसरा नियम असा की, नाव कायमचे मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने घ्यावयाचे असते आणि मुदत संपताच पुन्हा शुल्क न भरल्यास काही काळाने ते पुन्हा बाजारात येते. वर्षाचे शुल्क बहुधा काही शे ते हजारभर रुपये इतकेच असते.

ह्या तीन नियमांच्या संयोगातून एक नवाच प्रश्न उद्भवला. ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे अशा गायकाचे, लेखकाचे, खेळाडूचे किंवा पुढाऱ्याचे नाव त्याच्या आधी भलत्याच माणसाने नोंदले तर? आणि ते नोंदण्यात काही पाप आहे काय? ज्याने नाव घेतले तो सांगतो की, 'दुकान उघडे होते, नाव शिल्लक होते, दाम मोजून ते घेतले. ह्यात कोणाचे काय गेले?' वरवर पाहता ह्या युक्तिवादास उत्तर नाही. नियम मोडलेला नाही, कागद खोटा केलेला नाही, शुल्क बुडविलेले नाही. तरीही ऐकणाऱ्याच्या मनाला काहीतरी खटकते. ते काय, हे पाहावयाचे आहे.

प्रथम नोंद ह्या शब्दाचाच अर्थ तपासला पाहिजे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणजे जमिनीची मालकी सिद्ध झाली असे होत नाही. महसुलाच्या कामासाठी ती नोंद असते. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानावी असे कायदा सांगतो. परंतु फेरफाराने हक्क निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तलाठ्याच्या दप्तरी नाव प्रथम चढवून घेणारा भाऊ आणि खरा वाटेकरी ह्यांतील फरक गावकरी उतारा न पाहताही ओळखतात. डोमेनची नोंदही ह्याच जातीची आहे. 'हे नाव सध्या अमक्याच्या हवाली आहे' इतकेच ती सांगते. ते त्याच्या हवाली असावे की नाही, ह्याविषयी ती मौन पाळते. ह्या मौनाचा अर्थ संमती असा लावणे हीच ह्या प्रश्नातील पहिली चूक होय.

दुसरी गोष्ट नावाच्या पतीची. प्रसिद्ध माणसाचे नाव केवळ हाक मारण्याचे साधन राहत नाही. वर्षानुवर्षांच्या कष्टांनी त्यात लोकांचा विश्वास साठलेला असतो, आणि तो विश्वास नावामागोमाग चालत येतो, मग नाव उच्चारणारा कोणीही असो. मराठ्यांच्या इतिहासात ह्याचे विदारक उदाहरण आहे. १७६१ साली पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनी तर तो मृत्यू कधीच मान्य केला नाही. ह्या शंकेचा फायदा घेऊन 'मीच भाऊसाहेब' म्हणणारा एक तोतया उभा राहिला. १७७६ साली कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, माणसे त्याला मिळाली आणि पुण्याच्या कारभाऱ्यांस त्याच्यावर फौज धाडावी लागली. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. तो मूळचा कनोजी ब्राह्मण, हे चौकशीत ठरले. त्याच्याजवळ स्वतःची फौज नव्हती, द्रव्य नव्हते, पराक्रम नव्हता. जे होते ते एका नावात होते, आणि ते नाव त्याचे नव्हते. नाव हिरावले गेल्याने केवळ नावाच्या धन्याची हानी होते असे नाही. त्या नावावर भरवसा टाकणाऱ्या शेकडो लोकांची होते, हे ह्या प्रकरणाने दाखवून दिले.

महाजालावरील प्रत्येक नोंदकर्ता तोतया असतो असे मात्र नाही. पुष्कळदा तो स्वतःस मोठा माणूस म्हणवीत नाही. तो केवळ त्या माणसाच्या दारात बसून राहतो. २००० साली जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पंचांपुढे असे दोन गाजलेले तंटे आले. एकात, अमेरिकन अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स हिच्या नावाचा पत्ता एका गृहस्थाने नोंदला होता. त्याने आणखीही काही प्रसिद्ध व्यक्तींची नावे घेतली होती आणि हे नाव लिलावास काढले होते. दुसऱ्यात, केंब्रिजमधील एका संशोधकाने इंग्रजी लेखिका जेनेट विंटरसन हिच्यासह शंभरांहून अधिक लेखकांची नावे आपल्याकडे घेऊन ठेवली होती. दोन्ही तंट्यांत नावे मूळ धनिणींस परत मिळाली. विंटरसनच्या प्रकरणाचे महत्त्व असे की, लेखकापाशी कारखाना नसतो, पेटीवर छापलेले व्यापारचिन्ह नसते. तरीही पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील त्याचे नाव हीच त्याची मुद्रा होय, हे पंचांनी मान्य केले.

भारतात असा प्रसंग राजकीय पुढारी अरुण जेटली ह्यांच्यावर आला. त्यांच्या नावाचे 'डॉट कॉम' त्यांच्याआधी दुसऱ्याने घेऊन विक्रीस ठेवले होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०११ मध्ये निकाल लागला. हे केवळ एक व्यक्तिनाम राहिलेले नसून त्यास स्वतःची अशी ओळख प्राप्त झालेली आहे, आणि आपल्या नावाचा महाजालावर दुसऱ्याने उपयोग करू नये असे म्हणण्याचा अधिकार त्या व्यक्तीस आहे, असे न्यायालयाने ठरविले व नाव त्यांच्या स्वाधीन करविले.

येथपर्यंत वाट सरळ आहे. परंतु ह्याच वाटेने पुढे जात 'जो प्रसिद्ध, त्याचेच नाव' असा सिद्धान्त कोणी मांडला, तर तोही अन्यायाचाच होईल. प्रसिद्धी म्हणजे नावाची सनद नव्हे. मंगला गौरी हेच नाव घ्यावे. ते काशीतील देवीचे नाव आहे, एका वस्तीचे नाव आहे, महाराष्ट्रातील एका व्रताचे नाव आहे. आणि मंगला, गौरी ही तर घरोघरच्या मुलींची नावे. उद्या मंगला नावाच्या एखाद्या बाईने आपल्या शिवणकामाच्या धंद्यासाठी हे नाव नोंदले, आणि परवा त्याच नावाची एखादी नटी प्रसिद्धीस आली, तर त्या बाईने आपले नाव सोडून द्यावे काय? निश्चितच नाही. तिचे नाव तिला बारशापासून मिळालेले आहे. ते उधार घेतलेले नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला हा पेच अपरिचित नाही. संत नामदेवांच्या नंतर विष्णुदास नामा ह्या नावाचा आणखी एक कवी होऊन गेला. त्याची नाममुद्रा नामदेवांच्या मुद्रेशी मिळतीजुळती; त्यामुळे दोघांच्या रचना गाथ्यांतून एकत्र मिसळल्या आणि त्या निवडून काढण्यात संशोधकांचे पुष्कळ श्रम खर्ची पडले. तरी त्या दुसऱ्या नाम्यास कोणी चोर म्हणत नाही. ज्याचे नावच नामा, त्याने आपल्या कवनाखाली दुसरे काय लिहावे? ह्याच्या उलट, तुकोबांचे अभंग आपल्या नावाने गाणारा सालोमालो परंपरेच्या कथांतून निंदेस पात्र ठरला. घोटाळा दोन्हीकडे झाला. दोष एकाच ठिकाणी लागला. ह्यावरून असे दिसते की, नीतीची कसोटी नावे जुळतात की नाही ही नव्हे. नाव घेणाऱ्याचा हेतू आणि त्या नावावर त्याचा स्वतःचा असलेला अधिकार, ह्यांत ती आहे.

आंतरराष्ट्रीय पंचांनीही हा विवेक राखला आहे. 'स्टिंग' ह्या नावाने गाणारा ब्रिटिश गायक २००० साली आपला तंटा हरला. कारण स्टिंग हा इंग्रजीतील नित्याचा शब्द आहे आणि पत्ता घेणाऱ्यानेही तो आपल्या टोपणनावासाठी वापरल्याचे सांगितले होते. २००१ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन हा विख्यात अमेरिकन गायकही हरला. त्याच्या नावाचा पत्ता घेणाऱ्याने इतरही अनेक प्रसिद्ध व्यक्तींची नावे नोंदली होती; तरी वाचकास फसविल्याचे किंवा नाव विकण्यासाठी अडवून धरल्याचे तीन पंचांपैकी दोघांना आढळले नाही. तिसऱ्याचे मत निराळे पडले. एकाच प्रकारच्या वर्तनाविषयी जाणत्या माणसांत असा मतभेद व्हावा, ह्यातच ह्या प्रश्नाची नाजूकता आहे. त्याच वर्षी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने व्यक्तिनामांच्या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला; परंतु ज्या नावांस व्यापारी मुद्रेचे स्वरूप आलेले नाही अशा व्यक्तिनामांपर्यंत ही पंचायत वाढवावी, अशी शिफारस तिने केली नाही.

ह्या पंचायतीचे नियम १९९९ साली ठरले. तक्रार करणाऱ्याने तीन गोष्टी दाखवून द्यावयाच्या असतात: घेतलेले नाव आपल्या मुद्रेशी जुळते अथवा भ्रम उत्पन्न करण्याइतके सारखे आहे; घेणाऱ्याचा त्यावर स्वतःचा न्याय्य अधिकार नाही; आणि ते दुष्ट हेतूने नोंदून दुष्ट हेतूनेच वापरले जात आहे. भारताच्या 'डॉट इन' ह्या वर्गाची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. तिच्या तंटा-निवारणाच्या नियमांत दोन सूक्ष्म भेद आहेत. तेथे व्यापारचिन्हाच्या जोडीने केवळ 'नाव' ह्याचाही उल्लेख आहे. आणि नोंद व वापर ह्यांपैकी एक जरी दुष्ट हेतूने झालेले दिसले तरी पुरते. नाव घेऊन नुसते कुलूप लावून ठेवणाऱ्यासही ह्या नियमांनी जाब विचारता येतो.

न्यायालयांचे म्हणावे तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच 'रेडिफ' ह्या नावात एका स्वराचा फेर करून 'रॅडिफ' नाव घेणाऱ्यास मनाई केली आणि डोमेन म्हणजे केवळ पत्ता नव्हे, त्यास व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळावयास हवे, असे म्हटले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात ह्याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. डोमेनच्या तंट्यांविषयी भारतात स्वतंत्र कायदा नाही. पण आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपविण्यास मनाई करणारे जे जुने तत्त्व आहे, ते येथेही लागू पडते, असा त्या निकालाचा आशय होता. अलीकडे नावाच्या जोडीस आवाज व चेहराही आला आहे. २०२४ साली गायक अरिजित सिंग ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलांबरोबर त्यांच्या नावाच्या डोमेन-नोंदींचाही त्या दाव्यात समावेश होता. २०२५ साली आशा भोसले ह्यांच्या आवाजाच्या अशाच नकलांविरुद्ध त्याच न्यायालयाने अंतरिम मनाई दिली.

तरीही कायद्याच्या हातास दोन ठिकाणी मर्यादा पडते. पहिली मर्यादा टीकेची. मोठ्या माणसाचे नाव घेतल्यावाचून त्याच्यावर टीका कशी करावयाची? २०१० साली गायक दलेर मेहंदी ह्यांच्या नावासंबंधीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण व्यंग, विडंबन व टीका ह्यांची वाट ह्या अधिकाराने अडविली जाऊ नये, असा इशाराही दिला. दुसरी मर्यादा मृत्यूची. २०२३ साली अभिनेता सुशांतसिंह राजपूत ह्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने असे मत दिले की, नावारूपासंबंधीचे हे अधिकार व्यक्तीबरोबर संपतात. ते वारसांकडे जात नाहीत. कायदा जेथे थांबला तेथून पुढचे सर्व ओझे नीतीने उचलावयाचे आहे.

हे ओझे कोणते, ते मंगला गौरीच्या परिसरातीलच एका नावावरून स्पष्ट होईल. पंचगंगा घाटालगतच्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांची सनई अनेक वर्षे रियाज करीत असे. १९१६ साली जन्मलेल्या ह्या मुलाचे पहिले नाव कमरुद्दीन. बिस्मिल्ला हे आजोबांच्या तोंडून निघालेले नाव पुढे जगाने उचलले. २००१ साली ते भारतरत्न झाले आणि २००६ साली वाराणसीतच त्यांचा देह पडला. आता समजा, चार निरनिराळ्या माणसांना त्यांचे नाव नोंदण्याची इच्छा झाली. पहिला शिष्यभावाने नोंदतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांची माहिती जुळवितो आणि हे स्थळ घराण्याचे नव्हे, एका रसिकाचे आहे, असे पहिल्याच ओळीत सांगतो. दुसरा टीकाकार आहे. त्याला सनईवादनाविषयी रूढ मतांपेक्षा निराळे काही म्हणावयाचे आहे. तिसरा त्या नावाखाली मंगलकार्यासाठी वाजंत्री पुरविण्याचा धंदा थाटतो आणि ग्राहकाचा समज होऊ देतो की, हे त्याच घराण्याचे वादक. चौथा काहीच करीत नाही; नाव घेऊन कुलूप लावतो आणि कधीतरी घराण्यातील कोणी नातू येईल, त्याच्याकडून चार पैसे सुटतील, ह्या आशेवर बसतो.

चौघांनीही नियमाप्रमाणे शुल्क भरले आहे. चौघांची नोंद सारखीच वैध. तरी पहिल्याविषयी कोणाच्या मनात अढी येणार नाही. दुसऱ्याने आपण कोण हे उघड सांगितले, तर त्याचाही अधिकार मानावाच लागेल. तिसऱ्याने त्या नावातील विश्वास वापरून ग्राहकास फसविले. तो भाऊसाहेबांच्या तोतयाचा लहान भाऊ. चौथ्याने कोणासही फसविले नाही, म्हणून त्याचा दोष ओळखणे सर्वांत कठीण. पण त्याच्या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहावा. त्या नावाची किंमत वाढविण्यासाठी त्याने एक सूरही लावलेला नाही. नाव ज्याचे, त्याला किंवा त्याच्या माणसांना गरज पडेल तेव्हा ती गरज हीच त्याची कमाई. दुसऱ्याच्या वाटेवर अडसर घालून तो काढण्याचे मोल मागावे, तशातलाच हा प्रकार. त्यास धाडस, दूरदृष्टी किंवा गुंतवणूक ही नावे दिली जातात. पण गुंतवणुकीत माणूस काहीतरी घालतो आणि येथे त्याने दुसऱ्यास अडविण्यापलीकडे काहीच घातलेले नाही.

ह्यावरून तीन प्रश्न हाती येतात. स्थळावर येणारा माणूस भ्रमात पडतो काय? नोंदणाऱ्याचा त्या नावाशी जन्माचा, कामाचा, भक्तीचा अथवा टीकेचा, असा कोणता तरी स्वतःचा संबंध आहे काय? आणि तसा संबंध नसताना नावाचा धनी दारात आला, तर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाव्यतिरिक्त काही न मागता नाव त्याच्या हवाली करण्याची तयारी आहे काय? ज्यास ह्या प्रश्नांची उत्तरे संकोचावाचून देता येतात, त्याने प्रसिद्ध नाव नोंदले तरी त्यात अनीती नाही. किंबहुना, लबाडाच्या हाती पडू नये म्हणून एखाद्या चाहत्याने मोठ्या माणसाचे नाव वेळीच राखून ठेवणे हे उपकाराचेही ठरेल. मात्र ते राखणे ठेवीसारखे असले पाहिजे.

दुसऱ्याचे नाव ठेवीसारखे कसे राखावे, ह्याचा आदर्श मराठीत चारशे वर्षांपूर्वीच घडला आहे. शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, संत एकनाथांनी आपली भागवतावरील टीका ह्याच काशीत पूर्ण केली. पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठात शिरलेले दोष निवडून काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. अडीचशे-तीनशे वर्षांच्या अवधीत ज्ञानदेवांच्या नावाखाली भलत्यांचे शब्द मिसळले होते, हे जाणणाऱ्या ह्या समर्थ कवीस स्वतःच्या चार ओव्या तीत घालणे अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. उलट पुढे कोणी तीत आपली भर घालू नये, असे बजावून ठेवले. ग्रंथ ज्याचा, त्याच्या नावावर स्वच्छ करून परत केला. स्वतःच्या अभंगांत मात्र ते आपल्या नावाशेजारी जनार्दनस्वामींचे नाव लिहीत. तेथे गुरूचे नाव घेताना भ्रम नाही, वंचना नाही. कोण बोलतो आणि कोणाच्या कृपेने बोलतो, हे दोन्ही एकाच मुद्रेत उघड आहे.

मराठी समाजापुढे हा प्रश्न दुरून आलेला नाही. एका मराठी आडनावाची रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे अक्षरे होतात. भोसले हे नाव लिहिताना मध्ये एक 'ए' घालावा की घालू नये, येथूनच वाटा फुटतात, आणि एक रूप नोंदले तर दुसरे मोकळे राहते. २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरीतील 'डॉट भारत' हा वर्गही खुला झाला आहे. तेव्हा तेच नाव मराठी अक्षरांतही घेता येते. सर्व रूपे विकत घेऊन ठेवणे कोणत्याही लेखकास किंवा गायकास परवडणारे नाही, आणि त्याने तसे करीत बसावे हेही इष्ट नाही. म्हणून शेवटी भिस्त राहते ती समाजाच्या सदभिरुचीवर. सातबाऱ्यावर भावाचे नाव डावलून आपले चढविणाऱ्यास गाव जे म्हणते, तेच दुसऱ्याचे नाव अडवून बसणाऱ्यास महाजालावरील गावाने म्हणावयास शिकले पाहिजे.

आणि जे सद्‌भावनेने असे नाव सांभाळतात, त्यांच्यावरही एक साधे कर्तव्य येते. गावोगावी एखाद्या दिवंगत कवीचे, शाहिराचे अथवा समाजसेवकाचे नाव त्याच्या तरुण चाहत्याने प्रेमाने नोंदलेले असते. पुढे तो नोकरीसाठी दूर जातो, मुदत संपल्याची सूचना कोणी वाचीत नाही आणि ज्या नावाखाली काल कविता होत्या, तेथे आज भलत्याच मालाची जाहिरात झळकते. ह्यात दुष्टता कोणाचीच नसते. व्यवस्था मात्र राहून गेलेली असते. म्हणून ज्याने दुसऱ्याचे नाव आपल्या हवाली घेतले, त्याने तीन गोष्टी कागदावर नोंदून त्या कुटुंबाकडे किंवा गावच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात: नाव कोणत्या संस्थेकडे नोंदले आहे, मुदत कोणत्या तारखेस संपते, आणि त्या तारखेस शुल्क कोण भरणार.